'तू हिरोशिमात काहीच पाहिलं नाहीस': एक अवघड फ्रेंच सिनेमा, सोप्या भाषेत

2024 चं शांततेचं नोबेल पारितोषिक 'निहोन हिदानक्यो' या जपानी संघटनेला मिळालं. अणुबॉम्बमधून वाचलेल्या माणसांनी 1956 मध्ये उभी केलेली ही संघटना. पुढच्याच वर्षी हिरोशिमावरच्या हल्ल्याला 80 वर्षं झाली. अशा निमित्तांनी बॉम्बवरच्या पुस्तकांची आणि सिनेमांची पुन्हा चर्चा होते आणि त्यात एक नाव हमखास येतं: 'हिरोशिमा मोनामूर', म्हणजे 'हिरोशिमा, माझं प्रेम'. 1959 चा हा कृष्णधवल फ्रेंच सिनेमा दीड तासाचा आहे. दिग्दर्शक आलँ रेने, पटकथा मार्गरीत द्युरास या लेखिकेची.

नाव ऐकून सिनेमा लावणाऱ्याची मात्र पंचाईत होते. बॉम्ब पडताना दिसत नाही. नायक-नायिकेला नावं नाहीत. बाई जपानमध्ये बसून फ्रान्समधल्या एका तळघराबद्दल बोलत राहते आणि मधेच समोरच्या जपानी माणसालाच वर्षांपूर्वी मेलेला जर्मन सैनिक समजून हाक मारू लागते. संवाद कवितेसारखे, तेच तेच शब्द पुन्हा पुन्हा. कित्येक जण अर्ध्यावर सोडून देतात आणि 'हे आपल्यासाठी नाही' असं ठरवून टाकतात.

माझं मत वेगळं आहे. दुसऱ्याचं दुःख आपल्याला कितपत कळू शकतं, या प्रश्नाला इतक्या प्रामाणिकपणे भिडणारे सिनेमे फार थोडे आहेत, आणि हा सिनेमा अवघड झालाय तो त्या प्रामाणिकपणापायीच. त्याची रचना एकदा लक्षात आली की तो तसा कोड्यात टाकत नाही.

आधी गोष्ट, सरळ क्रमाने

गोष्ट छोटी आहे. सिनेमा ती उलटसुलट सांगतो, आपण सुलट लावून घेऊ.

फ्रान्सच्या मध्यभागी ल्वार नदीकाठी नव्हेर नावाचं गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात ते जर्मनांच्या ताब्यात होतं. तिथल्या औषधांच्या दुकानदाराची अठरा वर्षांची मुलगी एका तेवीस वर्षांच्या जर्मन सैनिकाच्या प्रेमात पडते. दोघं चोरून भेटतात, पळून जाऊन लग्न करायचं ठरवतात. ज्या दिवशी नदीच्या धक्क्यावर भेटायचं असतं त्याच दिवशी कुणीतरी लपून त्याला गोळी घालतं. तो लगेच मरत नाही. ती दिवसभर, रात्रभर त्याच्या अंगावर पडून राहते. त्याच रात्री गाव मुक्त होतं, चर्चच्या घंटा वाजू लागतात. मग गावकरी तिला पकडून तिचं मुंडण करतात. आईवडील लाजेपोटी तिला तळघरात ठेवतात. ती वेडीपिशी होते, भिंती ओरबाडून बोटं रक्तबंबाळ करून घेते. हळूहळू केस वाढतात, ती थोडी भानावर येते. एका रात्री आई तिला पैसे देते आणि सायकलवरून पॅरिसला जायला सांगते. ती पोहोचते तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत एकच नाव असतं: हिरोशिमा.

चौदा वर्षं जातात. ती आता पॅरिसची अभिनेत्री आहे, लग्न झालंय, मुलं आहेत. शांततेवरच्या एका सिनेमात नर्सचं काम करायला ती हिरोशिमाला येते. तिथे तिला एक जपानी वास्तुरचनाकार भेटतो, तोही विवाहित. बॉम्ब पडला तेव्हा तो सैन्यात, युद्धावर होता. कुटुंब हिरोशिमात होतं. दोघं एक रात्र एकत्र काढतात. दुसऱ्या दिवशी तिला परत जायचंय. सिनेमा घडतो तो एवढ्या वेळात, साधारण दीड दिवसात. त्या दीड दिवसात ती आजवर नवऱ्यालाही न सांगितलेली नव्हेरची हकीगत या अनोळखी माणसाला सांगते.

घटना एवढ्याच. सिनेमा मात्र या घटनांच्या आठवणीबद्दल आणि विसरण्याबद्दल आहे.

पहिली पंधरा मिनिटं इतकी विचित्र का?

सुरुवातीला दोन उघडे देह मिठीत दिसतात. चेहरे दिसत नाहीत. कातडीवर आधी राखेसारखं काही साचलेलं, मग ओलसर चमक, मग नुसता घाम. हे प्रेमात गुंतलेले देह आहेत की बॉम्बखाली सापडलेले, हे क्षणभर कळू नये अशीच ती दृश्यं आहेत. त्यावर दोन आवाज येतात. तो म्हणतो, "तू हिरोशिमात काहीच पाहिलं नाहीस." ती म्हणते, "मी सगळं पाहिलं. सगळं."

मग ती काय काय पाहिलं ते सांगू लागते. इस्पितळ पाहिलं. संग्रहालय चारदा पाहिलं. वाकलेलं लोखंड, उष्णतेने वितळून एकमेकांना चिकटलेली बाटल्यांची झाकणं, जळालेल्या माणसांचे फोटो. सकाळी उठल्यावर बायकांना गळून पडलेले सापडायचे ते त्यांचेच केस. ती बोलत असताना कॅमेरा इस्पितळाच्या बोळांतून, संग्रहालयाच्या दालनांतून एका संथ गतीने सरकत राहतो. मधे मधे बातमीपटांचे तुकडे येतात. आणि तो प्रत्येक वेळी ठामपणे नाही म्हणतो.

तो तिला खोटारडी म्हणत नाहीये. तिने संग्रहालय पाहिलंय हे खरंच आहे. पण संग्रहालयात असतं ते घटना होऊन गेल्यावर उरलेलं. केन्झो तांगे यांनी आराखडा केलेलं हिरोशिमाचं हे संग्रहालय 1955 मध्ये उघडलं. 1958 मध्ये या सिनेमाचं चित्रीकरण झालं तेव्हा ते जेमतेम तीन वर्षांचं होतं. तिथल्या प्रतिकृतींबद्दल बोलताना ती स्वतःच म्हणते की दुसरं काही नाही म्हणून या प्रतिकृती. तिच्या बोलण्यावर दिसणाऱ्या काही दृश्यांत तर नट आहेत: ती हिदेओ सेकिगावा यांच्या 1953 च्या जपानी सिनेमातून घेतली आहेत. ती 'सगळं पाहिलं' म्हणते त्यात अस्सल किती आणि रचलेलं किती, याची सरमिसळ रेने मुद्दाम आपल्यासमोर ठेवतात.

इथे थोडा इतिहास माहीत असलेला बरा. 6 ऑगस्ट 1945 ला सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. त्यानंतर काही आठवड्यांतच जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाने वृत्तपत्रांवर सेन्सॉरशिप लादली. बॉम्बने माणसांचं काय केलं हे खुद्द जपानी वाचकांनाही धडपणे पाहता येत नव्हतं. 1952 मध्ये हा अंमल संपला आणि त्या ऑगस्टमध्ये 'असाही ग्राफ' या साप्ताहिकाने जखमींचे फोटो छापले, तेव्हा अनेकांनी ते पहिल्यांदाच पाहिले. 'काहीच पाहिलं नाहीस' हे वाक्य त्या काळात एका परदेशी बाईपुरतं नव्हतं.

ते रेने यांनाही लागू होतं. नाझी छळछावण्यांवरचा 'रात्र आणि धुकं' हा त्यांचा माहितीपट 1956 मध्ये आला होता. केवळ 32 मिनिटांचा, पण पाहिलेला माणूस विसरत नाही. त्यानंतर निर्मात्यांनी त्यांना अणुबॉम्बवर माहितीपट करायला सांगितलं. कित्येक महिने खपल्यावर रेने यांच्या लक्षात आलं की आपण पुन्हा तोच माहितीपट करतो आहोत. मग ते द्युरास यांच्याकडे गेले आणि कॅमेऱ्याचा विचार न करता, साहित्य लिहितो तसं लिहा, असं त्यांना म्हणाले. माझ्या मते न झालेला तो माहितीपट म्हणजेच ही पहिली पंधरा मिनिटं आहेत. इस्पितळ, संग्रहालय, आकडे, बातमीपट हे सगळं त्यात आहे, आणि हे पुरेसं नाही असं सांगणारा आवाजही आहे.

हात हलतो आणि गाव बदलतं

पहिल्या रात्रीनंतरची सकाळ. ती गच्चीवरून आत येते. तो पालथा झोपलाय आणि झोपेत त्याचा हात किंचित हलतोय. ती त्या हाताकडे पाहते. एकदम पडद्यावर दुसराच हात येतो, दुसऱ्याच माणसाचा, जमिनीवर पडलेला, तोही तसाच हलणारा. रक्ताळलेला चेहरा, त्याला कवटाळणारी मुलगी. दोनतीन सेकंदांत सगळं जातं. पुन्हा तीच खोली, तोच जपानी माणूस. कुणी काही समजावून सांगत नाही. तो जर्मन सैनिक होता हे आपल्याला बऱ्याच वेळाने कळतं.

मागची घटना पडद्यावर दाखवण्याला फ्लॅशबॅक म्हणतात. 1959 पर्यंत प्रेक्षकाला त्याची सवय होती, पण नेहमीच्या फ्लॅशबॅकमध्ये आधी वर्दी दिली जाते. पात्र शून्यात पाहतं, चित्र धूसर होतं, संगीत बदलतं आणि आवाज म्हणतो, 'त्या वर्षी पावसाळ्यात...' म्हणजे पात्र ठरवून आठवतं आणि आपण तयारीने मागे जातो.

खऱ्या आयुष्यात आठवण अशी परवानगी मागून येत नाही. बँकेच्या रांगेत मागे कुणीतरी हुबेहूब आपल्या वारलेल्या आजोबांसारखं खाकरतं. ते वारले आहेत हे आपल्याला पक्कं माहीत असतं, तरी मान वळते. मान आधी वळते आणि माहिती मागून येते. रेने यांनी पकडला आहे तो नेमका हा मधला क्षण. हात दिसला, मान वळली, आणि ही माझी आठवण आहे हे तिला कळायच्या आत आपण ती पाहून चुकलो.

पुढचा सगळा सिनेमा याच रीतीने चालतो. शेवटच्या रात्री ती हिरोशिमाच्या रस्त्यांवरून एकटी फिरते तेव्हा निऑन दिव्यांचे जपानी रस्ते आणि नव्हेरचे जुने दगडी रस्ते एकाआड एक येत राहतात, कॅमेरा दोन्हीकडे त्याच चालीने सरकतो. दोन देशांतलं छायाचित्रण दोन वेगळ्या कॅमेरामननी केलंय: जपानमधलं मिचिओ ताकाहाशी यांनी, फ्रान्समधलं साशा व्हिएर्नी यांनी. दोन्हींचा पोत वेगळा आहे, जोडणारी चाल एक.

आवाजाकडेही कान द्या. ती नव्हेरबद्दल सांगते तेव्हा चित्रं नव्हेरची असतात, पण ऐकू येतात ते बहुतेक आवाज हिरोशिमातल्या त्या चहागृहाचे: बाहेरची नदी, बेडूक, रेकॉर्डवर लागलेलं जपानी गाणं. ती त्या गावात परत गेलेली नाही. ती इथे बसून आठवते आहे, आणि आवाज आपल्याला ते विसरू देत नाहीत.

मुंडण केलेल्या बायका

नव्हेरची मुलगी काल्पनिक आहे, पण तिला झालेली शिक्षा काल्पनिक नाही. जर्मन सैन्य हटल्यावर फ्रान्सभर अशा बायकांना चौकात आणून त्यांचे केस उतरवले गेले. इतिहासकारांचा अंदाज सुमारे 20,000 बायकांचा आहे. कुणावर शत्रूशी संबंधाचा आरोप होता, कुणावर खबरी असल्याचा, कुणी नुसती जर्मनांच्या कचेरीत कामाला होती. हे बहुतेक वेळा जत्रा भरल्यासारख्या गर्दीसमोर झालं. त्याचे फोटो आहेत, त्यात आजूबाजूचे लोक हसताना दिसतात.

युद्धानंतरच्या फ्रान्सला आपला इतिहास प्रतिकाराचा आणि शौर्याचा म्हणून आठवायचा होता. हे फोटो त्या आठवणीत बसत नव्हते. रेने यांनी याचा अनुभव आधीच घेतला होता. 'रात्र आणि धुकं'मध्ये फ्रान्समधल्याच एका छावणीवर पहारा देणाऱ्या फ्रेंच शिपायाची टोपी एका फोटोत दिसत होती. सेन्सॉरने ती झाकायला लावली. फ्रेंच पोलिसांनी जर्मनांना मदत केली होती हे त्या टोपीमुळे उघड दिसत होतं. म्हणजे विसरणं नेहमी आपोआप होत नाही, काही वेळा त्यासाठी सरकारी शिक्का लागतो.

द्युरास यांच्यासाठी हा काळ पुस्तकातला नव्हता. त्यांचे पती रोबेर आंतेल्म यांना जर्मनांनी छळछावणीत पाठवलं होतं आणि ते मरणाच्या दारातून परत आले होते. अशा बाईने एका जर्मन सैनिकावर प्रेम करणाऱ्या मुलीची गोष्ट लिहिली, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

जपानी माणूस मधेच जर्मन का होतो?

सिनेमाचा गाभा ओता नदीकाठच्या चहागृहात आहे. दोघं समोरासमोर बसलेत. तो तिला बिअर ओतून देतो आणि विचारतो, "तू तळघरात आहेस तेव्हा मी मेलेलो असतो का?" ती म्हणते, "तू मेलेला आहेस." इथून पुढे तो जर्मन सैनिकाच्या जागी बसून प्रश्न विचारतो आणि ती त्यालाच 'तू' म्हणत सगळं सांगते.

बरेच प्रेक्षक इथे गोंधळतात, पण यात गूढ काही नाही. आपल्या माणसाचं मरण त्रयस्थासारखं सांगताना ती हकीगत होऊन जाते. त्या माणसाशी बोलता आलं तरच ते पुन्हा घडतं. त्या जपानी माणसाला हे उमगतं आणि तो स्वतःचं शरीर तिला उसनं देतो. आपल्या प्रिय बाईच्या मेलेल्या प्रियकराच्या जागी जाऊन बसायला काय लागत असेल, याचा विचार करून हा प्रसंग पाहावा. ती सांगता सांगता इतकी आत जाते की परतायचा रस्ता राहत नाही, तेव्हा तो तिच्या दोन थोबाडीत मारतो. आजूबाजूची माणसं वळून बघतात. ती वर्तमानात येते.

मग तो विचारतो, हे तुझ्या नवऱ्याला माहीत आहे का? नाही. म्हणजे फक्त मला? हो. त्याला लहान मुलासारखा आनंद होतो.

एमान्युएल रिव्हा या रंगभूमीवरच्या नटीची ही सिनेमातली पहिली मोठी भूमिका. एजी ओकादा यांना फ्रेंच येत नव्हतं. त्यांनी सगळे संवाद नुसत्या उच्चारांवरून पाठ केले होते. पाहताना ते जाणवत नाही. त्यांच्या बोलण्यातली शब्द तोलून टाकण्याची लय या पात्राला शोभूनच दिसते.

एका मुलीचं प्रेम आणि लाखो मृत्यू एका तराजूत?

हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात रास्त आक्षेप. सिनेमातच आकडे येतात: दोन लाख मृत, ऐंशी हजार जखमी, नऊ सेकंदांत. आज हिरोशिमा शहर 1945 संपेपर्यंतच्या मृत्यूंचा अंदाज सुमारे 1,40,000 सांगतं. कुठलाही आकडा घ्या, त्यासमोर एका गावातलं एक प्रेम कसं ठेवायचं?

सिनेमा ते तोलायला ठेवतच नाही. नव्हेरचं दुःख हिरोशिमाएवढं आहे असं कुणी म्हणत नाही, आणि 'काहीच पाहिलं नाहीस' हे वाक्य शेवटपर्यंत मागे घेतलं जात नाही. नव्हेरचं दुःख आहे म्हणून तिला हिरोशिमा कळलं, असंही होत नाही. दोन्हींमध्ये सारखी असते ती विसरण्याची रीत. सुरुवातीच्या त्या लांब संवादातच ती म्हणते की तुझ्यासारखीच मीही विसरण्याशी सगळ्या ताकदीने झगडले, आणि तुझ्यासारखीच मीही विसरले. त्या वेळी या वाक्याचा अर्थ लागत नाही. तासाभराने लागतो.

शिवाय रेने-द्युरास दोन्ही गोष्टींना जोडतात ते विचारांनी कमी आणि शरीराने जास्त. किरणोत्सर्गाने हिरोशिमाच्या बायकांचे केस गळले, नव्हेरमध्ये तिचे केस कापले गेले. इस्पितळात भाजलेले हात, तळघरात ओरबाडलेले हात, पलंगावर झोपेत हलणारा हात. एका माणसाला दुसऱ्याच्या यातनेचं काही कळलंच तर ते बहुधा असं, स्वतःच्या कातडीवरून कळतं, आणि ते अपुरंच असतं. हा अपुरेपणा सिनेमा लपवत नाही, म्हणून मला तो पटतो.

शत्रूच्या सैनिकावर प्रेम, मग गुन्हा नाही का?

ती नाझी विचारांची नाही आणि सिनेमा नाझींना माफी देत नाही. तो इतकंच दाखवतो की विजयाच्या घंटा वाजत असताना एक मुलगी एका प्रेताला बिलगून पडली आहे, आणि तिच्या या दुःखाला देशाच्या इतिहासात कुठेच जागा नाही. जेत्यांच्या बाजूची असूनही तिला शोक करायची परवानगी नाही. हिरोशिमाच्या बाबतीतही तसंच झालं: बॉम्ब पडला त्या दिवशी जगाच्या मोठ्या भागात युद्ध संपत आल्याचा आनंद होता. तो जपानी माणूस हे तिला बोलून दाखवतो.

मग जपानी माणसाची गोष्ट कुठे आहे?

या आक्षेपाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही, कारण तो बराचसा खरा आहे. नव्हेरच्या तळघराचा कोपरान् कोपरा आपल्याला दिसतो, पण त्या माणसाच्या घरातल्या कुणाचं काय झालं, परत आल्यावर त्याने काय पाहिलं, हे सिनेमा विचारत नाही. तो ऐकतो, ती बोलते. हिरोशिमाच्या नावाच्या सिनेमात हिरोशिमाचा माणूस श्रोता होऊन राहतो.

बाजूने एवढंच म्हणता येईल की रेने आणि द्युरास यांनी हिरोशिमाच्या वतीने बोलायचं टाळलं. परक्याने तसं बोलणं खोटं ठरेल, हीच त्यांची पहिल्या वाक्यापासूनची भूमिका आहे. तरीही टाळण्याची किंमत त्या पात्राने मोजली, हे मान्य करायला हवं.

सांगितलं की विसरलं जातं

चहागृहातून हॉटेलवर परतल्यावर ती बेसिनपाशी तोंड धुते, आरशात पाहते आणि मेलेल्या प्रियकराशी बोलते. आज मी या परक्या माणसाशी तुझी प्रतारणा केली, मी आपली गोष्ट सांगितली, ती सांगण्यासारखी निघाली, असं काहीसं ती म्हणते. मला हा सिनेमातला सगळ्यात भेदक क्षण वाटतो.

आपण सहसा समजतो की सांगितल्याने आठवण टिकते. म्हणून स्मारकं, म्हणून भाषणं, म्हणून वर्षश्राद्ध. इथे उलटी भीती आहे. जोवर ती हकीगत तिच्या आत कोंडलेली होती तोवर तो माणूस तिच्यापुरता जिवंत होता. शब्दांत आली तशी तिला सुरुवात, मध्य, शेवट आला. दुसऱ्याला देता येण्यासारखी ती एक गोष्ट झाली, आणि गोष्टी माणसं ऐकून पुढे जातात. हे संग्रहालयालाही लागू आहे. नीट मांडणी झाली, तिकीट लागलं, पर्यटक आले. सिनेमात शांततेचा मोर्चा येतो तोसुद्धा चित्रीकरणासाठी जमवलेला. न सांगावं तर विसर, सांगावं तरी विसर. यातून सुटका कशी करायची हे सिनेमा सांगत नाही. शेवटी ती त्याला म्हणते, तुझं नाव हिरोशिमा. तो म्हणतो, तुझं नाव नव्हेर. माणसाचं नाव पुसून तिथे गावाचं नाव लागतं. हे एकमेकांना ओळखणं आहे की एकमेकांना विसरायला केलेली सुरुवात, यावर साठ वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. मला दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं.

तेव्हा काय झालं आणि आज का पाहायचा?

1959 च्या कान महोत्सवात हा सिनेमा अधिकृत स्पर्धेतून वगळला गेला. अमेरिका नाराज होईल ही भीती होती. स्पर्धेबाहेर दाखवल्यावर त्याला आंतरराष्ट्रीय समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. पुढे द्युरास यांना पटकथेसाठी ऑस्करचं नामांकनही मिळालं. त्याच महोत्सवात तरुण फ्रान्स्वा त्रुफो यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि 'न्यू वेव्ह', म्हणजे स्टुडिओच्या साचेबंद सिनेमाविरुद्ध उभ्या राहिलेल्या तरुण फ्रेंच दिग्दर्शकांची लाट, जगाला माहीत झाली. रेने त्यांच्याहून थोडे मोठे आणि स्वभावाने वेगळे, पण काळ या पाण्यासारख्या गोष्टीला हवं तसं वळवता येतं हे त्यांनी दाखवलं. आज वर्तमान आणि भूतकाळ न सांगता एकमेकांत मिसळणाऱ्या मालिका आपण सहज पाहतो. ती सवय लावणाऱ्यांत हा सिनेमा अगदी पुढे आहे.

आकडे सांगताना ती आणखी एक वाक्य बोलते: हे पुन्हा होईल. सिनेमा जून 1959 मध्ये फ्रान्समध्ये लागला. फेब्रुवारी 1960 मध्ये फ्रान्सने अल्जीरियाच्या वाळवंटात स्वतःचा पहिला अणुबॉम्ब फोडला.

बॉम्बमधून वाचलेल्यांना जपानीत हिबाकुशा म्हणतात. 2025 मध्ये त्यांची संख्या पहिल्यांदाच एक लाखाच्या खाली आली, सरासरी वय 86 च्या वर गेलं. 'मी पाहिलं' असं म्हणू शकणारी माणसं संपत चालली आहेत. थोड्याच वर्षांत हिरोशिमाबद्दल बोलणारा प्रत्येक जण त्या फ्रेंच बाईच्या जागी असेल: संग्रहालय पाहिलेला, फोटो पाहिलेला.

पाहायचा असेल तर

2013 मध्ये याची दुरुस्त केलेली, स्वच्छ प्रत तयार झाली, तीच शोधा. पहिली पंधरा मिनिटं गोष्ट शोधू नका, मंत्र ऐकतो तसे ते दोन आवाज ऐकत राहा. सबटायटलं वाचताना चित्र निसटलं तर मागे जाऊन पुन्हा बघायला संकोच नको. झोपलेल्या हाताचं दृश्य तर दोनदा बघाच. शक्य असेल तर आधी 'रात्र आणि धुकं' पाहा, म्हणजे रेने कशापासून दूर जाऊ पाहत होते ते कळेल.

आणि एवढ्यावर थांबू नका. हा बाहेरून आलेल्या माणसांचा सिनेमा आहे. आतून पाहायचं तर जपानी सिनेमे आहेत: कानेतो शिंदो यांचा 1952 चा 'हिरोशिमाची मुलं', ज्यातली दृश्यं इथे वापरली तो सेकिगावा यांचा 1953 चा 'हिरोशिमा', आणि शोहेई इमामुरा यांचा 1989 चा 'काळा पाऊस'. शेवटच्या सिनेमात एका मुलीचं लग्न ठरता ठरत नाही, कारण बॉम्बनंतर पडलेला काळा पाऊस तिच्या अंगावर पडला होता आणि ती निरोगी आहे यावर मुलाकडच्यांचा विश्वास बसत नाही. तिचे काका दाखले गोळा करतात, तिची रोजनिशी उतरवून काढतात. रेने यांच्या सिनेमात जे विचारलं गेलं नाही त्यातलं बरंच काही तिथे आहे.